पाठ नसलेलं

संध्येच्या पाटावर माधवराव बसले तेव्हा ताम्हण होतं, पंचपात्र होतं, पळी नव्हती. एवढंच झालं होतं. आदल्या दिवशी सून अबोलीनं देवाची उपकरणी चिंच लावून घासली होती आणि पळी ओट्यावरच राहिली होती. माधवराव उठले, सोवळ्याचा काठ सावरत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले आणि म्हणाले, "अबोली, माझी..." आणि पुढं काही नव्हतंच. विसरणं त्यांना ठाऊक होतं. विसरलेला शब्द जवळपासच घोटाळतो, त्याचं पहिलं अक्षर दाराच्या फटीतून दिसतं, त्याची मात्रा कानात वाजते. सारी हयात उभं राहून कीर्तन केलेल्या माणसाला अशा शब्दाला बोटाला धरून आणायच्या शंभर युक्त्या येतात. हे तसं नव्हतं. इथं भिंतीजवळचं कपाटच कुणी उचलून नेलं होतं आणि मागच्या जागेला चुना देऊन ठेवला होता. वस्तू त्यांना लख्ख दिसत होती, तिची नागफण्यासारखी शेपटी, ओठावर थरथरणारा पाण्याचा थेंब. नाव तेवढं नव्हतं. अबोली पिठाच्या हातानं वळली. "काय पाहिजे, बाबा? काय शोधायलात?" आणि त्या चुन्याच्या भिंतीतून, बांध फुटावा तसं, एकदम आलं, "भवाने, देवाच्या वस्तूला हात लावायची अक्कल नाही तर लावतेस कशाला? माहेरी हेच शिकवलं का?" अख्खं वाक्य, ठेक्यात, कुठंही यतिभंग नाही. अबोलीचा चेहरा उतरला. माधवरावांना मात्र हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं याचीच नंतर, पळी हातात आल्यावर, आचमनाचं पाणी सोडताना त्यांना भीती वाटली.

त्यानंतर परभणीतल्या त्या दोन खोल्यांच्या वरच्या मजल्यावर वस्तू एकेक करून 'ते' होत गेल्या. ते आण. ते उचल. ते कुठं मेलं? 'ते' म्हणजे काय हे समोरच्याला कळलं नाही की माधवरावांच्या तोंडून शिवी सुटायची, आणि शिवीला कधीही शोधावं लागत नव्हतं. मुलगा श्रीराम जिल्हा परिषदेत कारकून. तो म्हणाला, वय झालं की माणूस चिडचिडा होतो, मनावर घेऊ नका. सुमंगलाबाईंना कळायचं कारणच नव्हतं. नवऱ्यानं पाट मागायच्या आधी पाट मांडायचा, पाणी मागायच्या आधी तांब्या पुढं करायचा, असा त्यांचा सारा संसार झालेला. त्यांच्यापुढं माधवरावांना नामाची गरज पडलीच नव्हती. ज्या घरात मागावं लागत नाही तिथं मागता येईनासं झालेलं कळणार कसं? कळलं ते एकट्या अबोलीला. ती शाळेत पहिलीचा वर्ग घ्यायची. अक्षराशी अडलेल्या पोराचे डोळे कुठं भिरभिरतात हे तिला रोजचं ठाऊक. एका सकाळी तिनं उलथनं हातात धरलं आणि हळूच विचारलं, "बाबा, ह्याला काय म्हणतात?" माधवरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. "वर्गातली पोरं संपली वाटतं, म्हणून सासऱ्याला उजळणी लावायलीस?" इतकंच म्हणून थांबले असते तर बरं. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. त्यावरून एक शब्द त्यांनी तिच्या तोंडावर फेकला. उलथनं आठवत नव्हतं; त्या शब्दाला मात्र कसलीच अडचण आली नाही. अबोलीनं उलथनं खाली ठेवलं, ताटाला हात न लावता शाळेत गेली, आणि माधवराव ओट्यावरच्या त्या चपट्या लोखंडी जिनसाकडं बघत उभे राहिले. हिला माझं कळलंय, त्यांच्या मनात आलं, म्हणून ही मला नकोय.

पण कीर्तन शाबूत होतं. हेच तर नवल, आणि हीच त्यांची ढाल. पोखर्णीला नृसिंहासमोर ते उभे राहिले त्या संध्याकाळी पगडी, उपरणं, गळ्यात हार, पेटीवाल्यानं सूर दिला, तबल्यानं ठेका धरला, आणि हातातली झांज वाजली तसा पूर्वरंग असा उलगडत गेला की जणू कुणी आतून दोर सोडतंय. कीर्तनाची गोडी लागलेल्याला हे सांगायला नको. बोलणारा कोण आणि बोलवणारा कोण हा प्रश्नच तिथं मिटतो, ऐकणाराही थोडा वेळ स्वतःच्या घराबाहेर येऊन बसतो, आणि परतताना त्याला आपलंच दार थोडं मोठं वाटतं. उत्तररंगात प्रल्हादाचं आख्यान. साकी आली, दिंडी आली, कटाव आला, पद्यामागून पद्य. खांबाशी येताना आवाज खाली उतरवायचा, तबल्याला बोटानं थांबवायचं, मंडपात पान पडलं तर ऐकू यावं इतकी शांतता करायची, आणि मग डरकाळी. बायाबापड्या रडल्या. हिरण्यकशिपूचा राग लोकांना यावा म्हणून माधवराव जी चार वाक्यं बोलत ती, मधेच हसू यावं म्हणून एसटीच्या कंडक्टरचा जो दाखला देत तो, सगळं जिथल्या तिथं आलं. संपल्यावर गावचे आबासाहेब नारळ घेऊन पायावर वाकले. "महाराज, वाणी म्हणावी का गंगेचा ओघ म्हणावा! जरा म्हणून वय न्हाई झालं तुमचं." माधवरावांनी नारळ हातात घेतला, पाहिला, "हे... हे तुमचं प्रेम," म्हणाले, आणि लोकांना ते फारच गोड वाटलं. बायकांच्या बाजूला अबोली बसली होती. ती हसली नाही. ती त्यांच्या हाताकडं बघत होती. त्या भरल्या मंडपात तिच्या एकटीच्या त्या बघण्याचा माधवरावांना जो द्वेष वाटला तसा त्यांना हिरण्यकशिपूचाही कधी वाटला नव्हता. "अहो, त्यांना काहीतरी होतंय, ते वस्तूंची नावं घेत नाहीत," असं ती परत येताना गाडीत श्रीरामला कुजबुजत म्हणाली. श्रीराम म्हणाला, "अगं, आत्ताच तर दोन तास बोलले ना!" आणि मागच्या सीटवर माधवराव डोळे मिटून, जिंकल्यासारखे, झोपेचं सोंग घेऊन पडून राहिले.

ढाल फुटली ती देवगाव फाट्यावर. जिंतूरकडच्या एका गावचं कीर्तन करून ते एकटेच एसटीनं यायला निघाले होते. फाट्यावर गाडी बदलायची म्हणून उतरले, चहाचा कप उजव्या हातात घेतला, आणि तो हात त्यांचा राहिला नाही. कोंबडीची मान मुरगळल्यावर पंख हलतात तसा तो हलत राहिला. चहा धोतरावर सांडला. हाताकडून ते मानेत चढलं, जिभेत चढलं, पुढं काय झालं ते त्यांना माहीत नाही. शुद्ध आली तेव्हा कुणीतरी नाकाशी चप्पल धरली होती आणि भोवतीची माणसं एकमेकांना सांगत होती, "मिरगी हाय, मिरगी." मग परभणी, मग मशीनच्या बोगद्यात पडून काढलेला डोक्याचा फोटो, मग स्टेशनकडच्या एका खाजगी दवाखान्यात आठवड्यातून एकदा बाहेरून येणाऱ्या मेंदूच्या सर्जन डॉक्टर राजेश्री. चाळिशीची बाई, केस घट्ट बांधलेले, त्यांना 'काका' म्हणणारी. 'महाराज' नाही, 'काका'. उजेडाच्या पाटीवर तिनं फोटो लावला आणि डाव्या बाजूच्या एका धुरकट डागावर पेन टेकवलं. "ही गाठ. क्षयाची असू शकते, आपल्याकडे ते पुष्कळ बघायला मिळतं. तसं असेल तर गोळ्यांनी विरघळेल. दुसरं काही असेल तर उपचार अगदी वेगळा. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. आंधळेपणानं गोळ्या देऊन मी तुमचा वेळ घालवणार नाही. मला त्यातला कणभर तुकडा पाहिजे." श्रीरामनं विचारलं, पण मग कीर्तन कसं चालू राहिलं, डॉक्टर? एक अक्षर चुकत नाहीत. आणि ती बाई, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "पाठ केलेलं वेगळ्या वाटेनं येतं. प्रार्थना, गाणं, पाढे, शिव्या. हे सगळं राहतं. स्वतःचं नवं वाक्य जुळवायचं, वस्तूला नाव द्यायचं, ते जातं."

कीर्तन आणि शिव्या एका ओळीत! माधवरावांच्या कानशिलात सूं सूं व्हायला लागलं. हिच्या जिभेला हाड आहे का? पण घरी आल्यावर, गच्चीत वाळत घातलेल्या उपरण्याच्या सावलीत बसून, ते जितकं तिला मनात झोडपत गेले तितकं ते वाक्य आत सरकत गेलं. मग ती चार वाक्यं? हिरण्यकशिपूचा राग यावा म्हणून बोलायची ती? तीसुद्धा गुरूंकडून उचललेली, तरुणपणी, त्यांच्या मागं झांज धरून उभं असताना. कंडक्टरचा दाखला? तो आपला. पण एकदा कुठंतरी हशा आला आणि मग जन्मभर तोच, त्याच जागी, त्याच हातवाऱ्यासकट. सुमंगलेशी आपण काय बोललो? "चला, उशीर होतोय." "वाढा." "झालं." श्रीराम झाला तेव्हा दवाखान्यात जाऊन आपण जे बोललो ती तर कृष्णजन्माची साकी होती, दाया कौतुकानं हसल्या होत्या. आपलं असं, पहिल्यांदाच, कुणी न शिकवलेलं, असं काही या तोंडातून कधी निघालंय का? हा विचार एखाद्या परक्या माणसासारखा गच्चीत येऊन उभा राहिला आणि माधवराव त्याच्यावर ओरडले. खालून सुमंगलाबाईंनी विचारलं, "अहो, कुणाशी बोलताय?" ते म्हणाले, "तुझ्या काळाशी!"

पुढच्या खेपेला दवाखान्यात त्यांनी तुकडा काढायचं हत्यार बघायला मागितलं. मागितलं म्हणजे बोटांनी टोचून दाखवलं, डॉक्टरला कळलं. तिनं एक नमुन्याची सुई पुढं ठेवली. माधवरावांना वाटलं होतं बाभळीच्या काट्यासारखं काही असेल, ज्याचा सरळ राग करता येईल. ती निघाली लांब, बारीक, गोल टोकाची. बोथट. "टोकदार असली तर रक्ताची नळी फाटेल," डॉक्टर म्हणाली, "बोथट असली की वाट सारत जाते." त्या बोथटपणाचा त्यांना अपमान वाटला. नळीच्या आत नळी होती. दोन्हींना टोकाजवळ, बाजूला, एकेक बारीक खिडकी. खिडकीसमोर खिडकी आली की मागून किंचित ओढ द्यायची, तांदळाच्या कणीएवढं मऊ काहीतरी आत येतं. मग आतली नळी फिरवायची, खिडकी मिटते आणि मिटतानाच कापते. दिशा बदलून पुन्हा. डॉक्टरनं बोटांत धरून आतली नळी फिरवून दाखवली. आवाजसुद्धा नाही. तांदळाच्या कणीएवढं म्हणजे किती ओव्या? कुठल्या आख्यानाची कुठली ओळ त्या कणीला चिकटून बाहेर येईल आणि बाटलीतल्या औषधात पडून राहील? राहिलेलं एवढंच आहे, तेही या बाईला चिमटीत पाहिजे. "भूल देणार नाही," ती श्रीरामला म्हणत होती, "कातडीपुरतीच. मेंदूला स्वतःला दुखत नाही. त्यांनी पूर्ण वेळ बोलत राहायचं. बोलणं बंद पडलं की मी त्याच क्षणी थांबते, सुई मागे घेते." माधवरावांनी मान खाली घातली. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून. तिनं आपल्या हातानं त्यांना कडी दाखवली होती. गप्प बसलं की झालं.

सुई घालायच्या दिवशी सकाळी डोक्याला धातूचं कडं बसवायला बिरदेव आला. ऑपरेशनच्या खोलीतला मदतनीस, जिंतूरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, आडदांड गडी, हात मात्र सुईणीसारखे हलके. "महाराज, चार जागी मुंगी चावल्यावानी वाटंल, मंग बधिर होतंय. मंग इस्क्रू."

"शेंडीला हात लागला तर बघ," माधवराव म्हणाले. हे वाक्य आलं. त्यांचंच त्यांना आश्चर्य वाटलं, पण मग लक्षात आलं, हेही न्हाव्याला म्हणायचं जुनंच.

"शेंडी तुमची तुमच्यापाशीच ऱ्हाणार. मॅडमला डावीकडचं वावर पाहिजे, बांध न्हाई मोडणार."

"हात धुतलेस का?"

"धुऊन धुऊन कातडं निघायची येळ आली, महाराज. आमची घरवाली, भिवराबाई, म्हणते, एवढं घासलं असतं तर बिरुबा कवाच पावला असता." आणि स्क्रू आवळता आवळता तो हळू आवाजात म्हणाला, "पोखर्णीला ऐकलंय तुमाला. मायला, मागल्या बाजूला उभा ऱ्हाऊन रडलो व्हतो मी."

कवटीवर चारी बाजूंनी दाब आला. दुखत नव्हतं, पण डोकं आता आपलं नाही, कुणीतरी मांडीवर घेऊन धरलंय, असं वाटलं. आणि मग, कुठलीही सूचना न देता, ते आख्यान आतून उलटं फिरलं. जन्मभर माधवराव प्रल्हादाच्या बाजूला उभे होते. हात जोडून, डोळे मिटून, खांबाकडं तोंड करून. मांडीवर आडवा पडलेल्याकडं त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्याला काय वाटलं असेल याची साकी नव्हती, दिंडी नव्हती. तो बोलला असेल का शेवटी काही? की त्यालाही फक्त शिवीच आठवली? बाहेर स्ट्रेचरशेजारी सुमंगलाबाई आणि अबोली उभ्या होत्या. अबोलीनं पदरानं सासऱ्याच्या कपाळावरचा स्क्रूजवळचा रक्ताचा ठिपका टिपला. "हात काढ," ते म्हणाले. तिनं काढला. "जाऊन या, बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात माया होती का राग होता हे त्यांना ठरवता येईना, आणि ठरवता येत नाही म्हणून तिचा आणखीच राग आला.

आत हिरव्या चादरीचा तंबू. समोर फक्त बिरदेवचा चेहरा आणि एक हात, त्यांचा उजवा हात धरलेला. मागून डॉक्टरचा आवाज. कवटीला भोक पाडतानाचा घरघराट दाताच्या मुळापर्यंत उतरला, पिठाच्या गिरणीत डोकं घातल्यासारखा, मग थांबला. मग काहीच नाही. "काका, सुई आत आहे. गाठीपाशी पोचलो. बोला. नाव सांगा." त्यांनी सांगितलं. गाव सांगितलं. "छान. पहिला तुकडा घेतला. कळलंसुद्धा नाही ना? आता घरातल्या माणसांबद्दल सांगा. कोण कोण असतं?"

माधवरावांनी ओठ मिटले.

"काका?"

गप्प. किती दिवसांनी कुणाला तरी आपल्या तालावर थांबवलं होतं. मंडपात खांबाशी येताना ते करायचे तीच ही शांतता, पण या वेळी डरकाळी द्यायची नव्हती. "बिरदेव, ओठ हलतायत?" "न्हाई, मॅडम." "हात दाबा, काका." त्यांनी दाबला नाही. मागं पावलांची हालचाल झाली. कुणीतरी यंत्रावरचा आकडा वाचला. डॉक्टरच्या आवाजातला सहजपणा गेला. "मी थांबलेय. एकच तुकडा आलाय, आणि तो कडेचा आहे. एवढ्यावर निदान लागेल असं मी सांगू शकत नाही. पण शब्द गेला असेल तर मी मागे घेते." जिंकलो, असं माधवरावांना वाटलं. घे मागं. बाहेर काढ तुझी बोथट काडी. मग मी बोलेन, आणि असं बोलेन की... काय बोलेन? त्यांनी ते वाक्य आत शोधलं. चुन्याची भिंत होती. त्यांनी बिरदेवच्या हाताकडं पाहिलं. त्या हाताचंही नाव नव्हतं. मी गप्प बसलोय, की मला गप्प बसवलंय? हे कुणाला विचारावं? विचारायलाही शब्दच लागतो. घाबरून त्यांनी दार उघडलं, आणि पद आलं. अख्खं, सुरात, हात जोडून उभंच होतं ते. बिरदेवचे डोळे भरले. "आलं, मॅडम! महाराज गायलेत!"

"नाही," डॉक्टर म्हणाली. "हे पाठ आहे. काका, पाठ नको."

त्यांच्या आयुष्यात कीर्तन नको असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. रागानं दात करकरले, आणि दुसरं दार उघडलं. आईवरून, बापावरून, बाईच्या जातीवरून, धडाधडा. बिरदेव दचकला. "बाबौ!"

"शिवीपण नको," मागून तोच आवाज, न चिडता. "तीही पाठच असते. तुमचं काहीतरी सांगा. नाहीतर मी सुई काढते, आणि परत केव्हा येता येईल ते माहीत नाही. काढू?"

दोन्ही दारं आता बंद होती. मधे उभं राहिलं की काहीच नव्हतं. ना पेटीवाला, ना ठेका, ना पुढची ओळ सुचवणारं कुणी. तिथं इतकी उघडी, बिनछपराची भीती होती की माधवरावांना वाटलं, इथं देवसुद्धा येत नसेल. आणि मग वाटलं, कदाचित इथंच येत असेल. आपण कधी येऊनच बघितलं नाही. घसा हलला. "थां..."

"मॅडम, थांबा म्हणायलेत!"

"थांबलेय. सावकाश, काका. मला घाई नाही."

कुठून तरी, साकीतून नाही, आख्यानातून नाही, अंधारातल्या एका गोधडीतून एक आवाज आला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून तो रात्री येत असे, आणि दर वेळी माधवराव कूस बदलत. कुणाला सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. कुठल्याच कीर्तनात ते बसत नव्हतं. "ती," ते म्हणाले. शब्द ओल्या मातीतून उपटल्यासारखा आला. "ती... झो... झोपेत... हसते."

बिरदेवचं तोंड उघडंच राहिलं, मग तो खुदकन हसला. "कोण हो, महाराज?"

"सु... माझी. बा... बायको." असा शब्द त्यांनी चारचौघांत कधी उच्चारला नव्हता. 'सौभाग्यवती' म्हणत, 'कुटुंब' म्हणत.

"कशाला हसतात त्या?" डॉक्टरनं विचारलं. विचारण्यात तपासणी होती की खरोखरची उत्सुकता, कळलं नाही.

"नाही... विचारलं." घाम डोळ्यात उतरला, बिरदेवनं टिपला. "राग... यायचा. वाटायचं... मला... मलाच हसते."

"शब्द चांगले येतायत. काका, मला आणखी तुकडे लागतील. मधले. घेऊ?"

माधवरावांनी श्वास घेतला. आत किती ओव्या आहेत, किती उरतील, याचा हिशेब कुणापाशीच नव्हता. "घ्या," ते म्हणाले. आणि मागं आतली नळी फिरली असेल, खिडकी मिटली असेल, त्यांना काहीच कळलं नाही, कारण ते वाक्याच्या मधे होते. "एकदा... मी... उठून... तिच्या तोंडाकडं... पाहिलं... तर..."

"तर?" बिरदेव म्हणाला.

पुढचा शब्द नव्हता. माधवरावांनी तो दुसरीकडून उसना आणला नाही. हात बिरदेवच्या हातात तसाच ठेवून ते थांबून राहिले; आणि मागं, सुई हातात स्थिर धरून, डॉक्टरही थांबली होती.